जाताना २१, येताना ४५, मग वेळ गेला कुठे?

ट्रायथलॉनच्या (पोहणं, सायकल, पळणं, सगळं एकाच रेसमध्ये) पानासाठी आलेले प्रश्न वाचायला बसले आणि लक्षात आलं की यावेळी सगळ्यांचं दुखणं एकच, वारा. एखाददुसरा प्रश्न पोहण्याचा, बाकी सगळे सायकलवर वारा खाऊन आलेले. म्हणून दुसरं काही घेतलंच नाही. नावं छापत नाहीये, कारण दोघातिघांनी घरी न सांगता महागडी व्हील्स घेतलीयत आणि हे पान घरातली माणसंही वाचतात.

प्रश्न : ताई नमस्कार. दोन वर्षं ऑलिम्पिक डिस्टन्स (दीड किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी पळणं) करतोय. आठवड्यातली एक राइड ठरलेली असते, २० किमी सरळ जायचं, यू टर्न मारायचा आणि त्याच रस्त्याने परत. वारा नसेल तर पॉवर मीटरवर (पेडलवरचा जोर वॉटमध्ये मोजणारं यंत्र) १६० वॉटच्या आसपास ठेवून ताशी ३२ किमीची सरासरी येते, म्हणजे ७५ मिनिटं. मागच्या रविवारी जाताना समोरून २० चा वारा होता, काही केल्या स्पीड २१ च्या वर जाईना, पण येताना ४५ ने नुसता उडत आलो. म्हटलं २१ आणि ४५ ची सरासरी ३३, आज फायदाच झाला. घरी येऊन बघतो तर ८४ मिनिटं! वॉट तेवढेच. पॉवर मीटर बिघडलाय की मी?

उत्तर : दोघंही ठणठणीत आहात. बिघडलाय तो तुमचा ३३ वाला हिशोब. २१ ने २० किमी जायला ५७ मिनिटं लागतात आणि ४५ ने परत यायला जेमतेम २७. म्हणजे वाईट स्पीडमध्ये तुम्ही तासभर अडकलात आणि मस्त स्पीड तुमच्या वाट्याला अर्धा तासही आला नाही. सरासरी किलोमीटरवर निघत नाही हो, वेळेवर निघते, आणि वेळेवर काढली की ती साडेअठ्ठावीसच येते. वारा जाताना जेवढं घेतो तेवढं येताना परत देत नाही, मधल्यामध्ये स्वतःचं कमिशन कापून घेतो म्हणा.

आता हे असं का होतं तेही बघा, कारण एकदा ते डोक्यात बसलं की रेसमधला अर्धा गोंधळ संपतो. हवेचा विरोध ठरतो तो हवेच्या तुलनेत तुमचा स्पीड किती यावर, रस्त्याच्या तुलनेत किती यावर नाही, आणि तो वाढतो वर्गाने. जाताना रस्त्यावर तुम्ही २१ ने चालला होतात पण छातीवर येणारी हवा ४१ ची होती. येताना रस्त्यावर ४५, हवा फक्त २५ ची. ४१ चा वर्ग आणि २५ चा वर्ग करून बघा, जाताना हवा तुम्हाला अडीच पटीहून जास्त जोरात ढकलत होती. तरी एक बरं की तुम्ही १६० वॉटला चिकटून राहिलात. बहुतेक लोक काय करतात, तर सायकल कॉम्प्युटरवर नेहमीचा ३२ दिसायलाच हवा म्हणून जीव काढतात. तुमचं वजन आणि सायकल धरून ८० किलो आणि एरो बारवरची (कोपरं टेकवून पुढे झुकायचा दांडा) साधारण पोझिशन असं धरून मी अंदाजे हिशोब मांडला, तर २० च्या समोरच्या वाऱ्यात ३२ ठेवायला साडेतीनशेच्या वर वॉट लागतात. दुपटीहून जास्त! दहा मिनिटं जमेल, मग पाय संपले, आणि पुढे १० किमी पळायचंय हे वेगळंच.

म्हणून वाऱ्याच्या दिवशी मी स्पीडचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाकते. पॉवर, कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) आणि वेळ, बस. पॉवर मीटर नसेल तर श्वासावर जा. पूर्ण वाक्य बोलता येतंय, अर्धं येतंय की नुसतं हं हं, एवढं कळलं तरी पुष्कळ. हार्ट रेटचा आकडा उशिरा हलतो, झोत येऊन गेल्यावर तो वर चढतो, त्याच्या मागे धावू नका.

हो, एक बारीक फायदा घेता येतो. समोरच्या वाऱ्यात थोडं जास्त आणि पाठच्या वाऱ्यात थोडं कमी. थोडं म्हणजे खरंच थोडं, पाच टक्के. तुमच्या बाबतीत जाताना १६८, येताना १५२. जाताना मिनिट-दीड मिनिट वाचतं आणि येताना वीस-पंचवीस सेकंद जातात. पण विसरू नका की ते जास्तीचे वॉट तुम्ही तासभर देताय आणि आराम मिळतोय तो अर्धा तासच, त्यामुळे रेस जेवढी लांब तेवढा हा हात आखडता ठेवा. फुल डिस्टन्सच्या १८० किमीला मी स्वतः दोन-तीन टक्क्यांवर जात नाही.

आणि ती ३३ ची सरासरी मीही काढलेली आहे, पहिल्या वर्षी, वहीत. हसू नका.

प्रश्न : ताई, माझं वजन ५० किलो. हाफ डिस्टन्सची रेस महिन्यावर आलीय आणि मी पुढे आणि मागे दोन्हीकडे ६० मिमी खोल रिमची कार्बन व्हील्स बसवून घेतली. सरळ वाऱ्यात छान चालतात पण आडवा झोत आला की हँडल हातातून खेचल्यासारखं होतं, मी घाबरून एरो बार सोडते आणि मग पूर्ण राइड वरच धरून बसते. क्लबमधले म्हणतात सवय होईल. होईल का?

उत्तर : थोडी होईल. पण सवय व्हायची वाट बघत महिना घालवू नका, आधी पुढचं व्हील बदला.

क्लबमधले दादा लोक ७५-८० किलोचे असतात, त्यांना तोच झोत वेगळा लागतो. झोताचा जोर व्हीलच्या बाजूच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि त्याला टक्कर द्यायला तुमच्याकडे वजन कमी आहे. त्यात पुढचं आणि मागचं व्हील यांचं काम वेगळं. मागचं फ्रेमला बांधलेलं, त्याला वारा लागला तर पूर्ण सायकल थोडी सरकते, एवढंच. पुढचं मात्र स्टिअरिंगवर आहे, तिथे वारा लागला की हँडल वळतं, आणि तुम्हाला जे खेचल्यासारखं होतं ते हेच. म्हणून मागे ६० राहू दे, पुढे ३५-४० चं कुणाकडून तरी रेसपुरतं मागून घ्या. तुमचं म्हणणं पडेल की मग एरोचं, म्हणजे हवा कापण्याचं, काय. पुढचं व्हील बदलून जातात ते मोजके वॉट, आणि घाबरून एरो बार सोडून वर बसलात तर ३५-३६ च्या स्पीडला सहज वीस-तीस वॉट जातात, तेही पूर्ण ९० किमी. ज्या व्हीलवर तुम्ही एरोमध्ये निवांत राहू शकता तेच तुमच्यासाठी फास्ट व्हील, बाकी कॅटलॉगमधलं कॅटलॉगमध्ये.

याचं मोठं उदाहरण म्हणजे हवाईतलं कोना. आयर्नमॅन ही फुल डिस्टन्सची रेस १९७८ मध्ये ओआहू बेटावर सुरू झाली आणि १९८१ मध्ये बिग आयलंडवर, म्हणजे कोना आहे त्या बेटावर गेली. तिथला सायकलचा रस्ता काळ्या लाव्हाच्या माळातून हावी गावापर्यंत जाऊन परत येतो, आडोसा असा नाहीच, आणि हावीच्या बाजूला आडव्या झोतांनी भलेभले रस्त्याच्या कडेला फेकले जातात. म्हणून तिथे मागची डिस्कसुद्धा (तारांऐवजी पूर्ण बंद असलेलं चाक) लावू देत नाहीत, जी बाकी बऱ्याच रेसना चालते. जगातले सगळ्यात तयार लोक जिथे जातात तिथे ही गत, तर आपण पुढचं व्हील बारीक लावलं म्हणून लाजायचं कशाला.

आता सायकल कशी धरायची. हात घट्ट आवळले की झोत आधी हँडलवर आणि मग थेट तुमच्या खांद्यावर येतो आणि तुम्ही घाबरून उलटीकडे जास्तच वळवता, मग पुन्हा इकडे, आणि सायकल नागमोडी. कोपर सैल, बोटं सैल, नजर लांब. सायकल अर्धा फूट सरकली तर सरकू द्या, परत आणता येते, म्हणून रस्त्याच्या अगदी कडेला चालवू नका, वारा ज्या बाजूला ढकलतोय तिकडे जागा ठेवा. आणि झोत आला की पेडल थांबवू नका. माणसाला वाटतं थांबावं, पण पायावर दाब असला की सायकल जास्त स्थिर राहते. एक गिअर जड ठेवला तर अजून बरं.

उतार हा वेगळा प्रकार. आडव्या वाऱ्याचा बाजूचा धक्का तुमच्या स्पीडबरोबर वाढतो, म्हणजे तोच वारा २० ला गुदगुल्या करतो आणि ५० ला कानाखाली वाजवतो. उतारावर झोत असतील तर सरळ बेस बारवर (ब्रेक असलेल्या बाहेरच्या हँडलवर) या, बोटं ब्रेकवर, बूड किंचित मागे, गुडघे टॉप ट्यूबच्या जवळ. तिथे गेलेली दहा सेकंद कुणी विचारत नाही.

आणि जागा ओळखायला शिका. वारा सतत असेल तर शरीर त्याला टेकून चालायला शिकतं, घात होतो तो वारा अचानक सुरू किंवा बंद होतो तिथे. झाडांची रांग संपते ती जागा, भिंतीतली फट, पुलाची सुरुवात, टेकडीचा कापलेला भाग. मोठा ट्रक वारा येतोय त्या बाजूने गेला की क्षणभर वारा बंद, तुम्ही टेकलेले असता त्यामुळे ट्रककडे झुकता, आणि तो पुढे गेला की थाडकन झोत. रेसमध्ये दुसऱ्याला ओव्हरटेक करतानाही हेच, फक्त छोट्या प्रमाणात. माझ्या डाव्या कोपरावर एक डाग आहे तो अशाच एका पुलाचा. पुलाच्या तोंडाशी मला तहान लागली, एक हात बाटलीवर, एक हात एरो बारवर, आणि पुढचं मला डांबरासकट आठवतंय. तेव्हापासून मी पाणी आडोशाला पिते, मोकळ्यावर नाही, आणि बाटली दोन्ही हातांच्या मध्ये एरो बारवर लावली म्हणजे वाकून काढायला लागत नाही.

महिनाभरात आठवड्यातून एकदा मुद्दाम वाऱ्याच्या दिवशी बाहेर पडा, पण रेसचं पुढचं व्हील लावून. झोत कमी असेल तिथे पाच मिनिटं एरोमध्ये, मग वर, मग परत पाच. एकदम शौर्य नको.

प्रश्न : मला मागच्या रेसमध्ये ड्राफ्टिंगची (दुसऱ्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाला चालवण्याची) पाच मिनिटांची पेनल्टी बसली. मी कुणाच्याही मागे लपलो नव्हतो. यू टर्ननंतर समोरून वारा सुरू झाला आणि पुढचे सगळे अचानक स्लो झाले, मी काय करणार? अन्याय आहे.

उत्तर : राग कळतो, पण मार्शलचं चुकलं असं मला वाटत नाही.

असं बघा. टेलविंडमध्ये (पाठचा वारा), धरा ३६ ने, तुम्ही पुढच्या सायकलपासून दोन सेकंद मागे होतात. दोन सेकंद म्हणजे २० मीटर, एकदम कायदेशीर. यू टर्न झाला, दोघंही २१ वर आलात, अंतर अजूनही दोन सेकंदच, पण २१ च्या स्पीडला दोन सेकंद म्हणजे पावणेबारा मीटर. मिडल आणि लाँग (म्हणजे हाफ आणि फुल) डिस्टन्सला ड्राफ्ट झोन, म्हणजे पुढच्याच्या मागची मनाई असलेली जागा, १२ मीटरचा असतो. तुम्ही एक पेडलही जास्त मारलं नाहीत आणि झोनमध्ये शिरलात! वर ते १२ मीटर मोजतात पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत, म्हणजे त्याच्या मागच्या चाकापासून डोळ्याला दिसणारी मोकळी जागा दहा-सव्वादहा मीटरचीच. अंदाज चुकतो तो असा.

यू टर्न जवळ आला आणि पुढे हेडविंड (समोरचा वारा) आहे हे माहीत असेल तर आधीच चार सेकंदांचं अंतर घ्या. गर्दीत ते जमलं नाही तर दोनच मार्ग, झोनमध्ये शिरायच्या आधीच मागे सरका किंवा पास करा. पास करायला साधारण २५ सेकंद मिळतात, म्हणजे पुढच्यापेक्षा ताशी पावणेदोन किमीने जास्त जावं लागतं. ऐकायला किरकोळ, पण समोरच्या वाऱ्यात त्याला पंचवीसेक वॉट जास्त लागतात, आणि एकदा झोनमध्ये शिरलात की मध्येच विचार बदलून मागे सरकता येत नाही, पास करायलाच लागतं. म्हणून प्रत्येकाला पास करत सुटू नका. पुढे चौघं लागोपाठ असतील तर श्वास घ्या, मागे राहा, वारा खा. आणि तुम्हाला कुणी पास केलं तर झोनबाहेर मागे जायची जबाबदारी तुमची, त्याची नाही. हे शंभर लोकांना सांगितलं तरी नव्वद लोक रेसमध्ये विसरतात.

आडव्या वाऱ्यात अजून एक चलाखी चालते, पुढच्याच्या तिरकं बाजूला राहायचं. प्रोफेशनल सायकल रेसमध्ये लोक अशी तिरकी रांगच करतात. ट्रायथलॉनमध्ये नॉन ड्राफ्ट रेसला (जिथे ड्राफ्टिंगला मनाई असते) तेही ड्राफ्टिंगच, झोन मागे असतो तसा त्याला रुंदीही असते. प्रत्येक रेसचं ॲथलीट गाइड वाचा, छोट्या रेसना अंतर आणि पेनल्टीची मिनिटं वेगळी असू शकतात.

प्रश्न : किती वारा असला की बाहेर जायचं नाही? ॲपवर २५ दाखवतात आणि बाहेर काहीच नसतं, कधी उलटं.

उत्तर : ॲपवरचा वारा १० मीटर उंचीवरचा असतो, तुमचं डोकं दीड मीटरवर. खाली घरं-झाडं असली तर तो बराच मंदावतो, मोकळ्या माळावर किंवा पाण्याकाठी तेवढा नाही. त्यामुळे नुसता वारा बघू नका, गस्टचा (झोताचा) आकडा बघा. २० चा वारा आणि २५ चे गस्ट हा कंटाळवाणा पण बरा दिवस, १५ चा वारा आणि ४५ चे गस्ट हा वाईट दिवस. दोन्हींची सरासरी काढत बसू नका, वर एकाचं काय झालं बघितलंत.

खिडकीतूनही कळतं. बोफर्ट स्केल म्हणून जुनी पट्टी आहे, त्यात धूळ आणि कागद उडायला लागले की चार नंबर, म्हणजे ताशी २० ते २८ किमी. छोटी झाडं डोलायला लागली की पाच. मोठ्या फांद्या हलतायत आणि छत्री धरवत नाही, सहा, म्हणजे ३९ ते ४९. अख्खी झाडं हलतायत आणि चालायलाही जोर लागतोय तर सात. माझा स्वतःचा नियम असा, चार-पाचला मजेत जायचं, सहाला खोल व्हील घरी ठेवून आणि मोकळा रस्ता असेल तरच, सातला ट्रेनरवर (घरातल्या घरात सायकल चालवायचा स्टँड) बसायचं आणि त्याबद्दल कुणाला काही सांगायचं नाही. तुम्ही हलके असाल तर एक नंबर खाली पकडा.

गेलातच तर आधी वाऱ्यात जा आणि वाऱ्याबरोबर परत या. उलटं केलं की पहिला तास स्वतःला चॅम्पियन समजण्यात जातो आणि दुसऱ्यात घरी फोन करून गाडी मागवावी लागते. आणि किमी ठरवून जाऊ नका, वेळ ठरवून जा, नाहीतर दोन तासांची राइड अडीच तासांची होते आणि आठवड्याचा प्लॅन बोंबलतो.

प्रश्न : टेलविंडमध्ये सोपं जायला हवं ना, मग मला तिथेच का गरगरतं? रेसमध्ये परतीच्या टप्प्यात डोकं तापलं आणि रनला पाय उचलले नाहीत.

उत्तर : कारण पंखा बंद झाला. पाठून २० चा वारा आणि तुम्ही चढावर २० ने चाललात तर अंगावर लागणारी हवा शून्य, घाम वाळायलाच मार्ग नाही, नुसता टपकतो. जाताना उलटं झालेलं असतं, समोरच्या वाऱ्यात घाम लगेच वाळतो, गार वाटतं, त्यामुळे पाणी पिणंच राहून जातं, आणि ते बिल परतीला येतं. म्हणून हेडविंडमध्ये तहान लागो न लागो दर दहा-पंधरा मिनिटांनी घोट घ्या, टेलविंडमध्ये पाणी डोक्यावर, मानेवर ओता, आणि फुकटचा स्पीड मिळतोय तर वॉट खरंच थोडे सोडा. बरेच जण ४५ चा आकडा बघून चेकाळतात आणि ५० करायला जातात. त्या पाच किमीसाठी रनमधली दहा मिनिटं देतात.

प्रश्न : वाऱ्यात पोहताना लाटा तोंडावर येतात, पाणी गिळलं जातं. आणि ट्रान्झिशनला (पोहून आल्यावर सायकल घ्यायची जागा) माझं हेल्मेट उडून दुसऱ्याच्या रॅकखाली गेलं होतं, शोधण्यात दोन मिनिटं गेली.

उत्तर : लाट ज्या बाजूने येते त्याच्या उलट बाजूला श्वास, म्हणून दोन्ही बाजूंचा श्वास ट्रेनिंगमध्येच बसवा, रेसच्या सकाळी शिकता येत नाही. बॉया (पाण्यावर तरंगणारी मार्गाची खूण) बघायला डोकं वर काढाल ते लाटेच्या माथ्यावर असताना काढा, खोलगटात काढलं तर पाण्याची भिंतच दिसते. आणि कुणाच्या तरी पायामागे राहा, पोहताना ड्राफ्टिंग चालतं. पुढे रनलाही कुणाच्या मागे पळायला सहसा हरकत नसते, समोरून वारा असेल तर उंच माणूस शोधा.

हेल्मेट एरो बारवर नुसतं टेकवून ठेवलं की ते उडणारच. पट्टा बारभोवती एकदा फिरवून ठेवा, नाहीतर उलटं करून जमिनीवर आणि त्यात बूट. मोजे बुटात, गॉगल हेल्मेटच्या आत, नंबरचा बेल्ट बुटाखाली दाबून. सायकल रॅकला सीटवर अडकवली असेल आणि मागे खोल व्हील असेल तर ती वाऱ्यात झोके घेते, शेजारच्या सायकलवर आपटते, तेव्हा शेजाऱ्याशी बोलून दोघांनी थोडं अंतर ठेवा. आणि हेल्मेट सापडलं की आधी पट्टा लावायचा, मगच सायकलला हात. घाईत हे उलटं केलंत तर दोन मिनिटांवर अजून पेनल्टी.